"अख्खी असेंब्ली बदलावी लागेल, सर!"

हे वाक्य गेल्या शनिवारी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी अर्ध्या तासात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा ते मला उद्देशून होतं. दुसऱ्यांदा माझ्यामागे उभ्या असलेल्या, पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पेटी अडकवलेल्या मुलाला. गाड्या एकाच मॉडेलच्या, दुखणंही एकच: बेंड पाईपला तडा. मला आकडा सांगितला नऊ हजार चारशे. मी तोंड वाकडं केलं आणि मनातल्या मनात हिशोब मांडला, आपल्याला झेपतं. तो मुलगा मात्र काउंटरला टेकून गप्प उभा राहिला आणि मग एवढंच म्हणाला, "पार्ट यायला किती दिवस?"

"चार-पाच."

म्हणजे नऊ हजार अधिक पाच दिवसांची बुडालेली कमाई. आणि हे सगळं सांगणारा माणूस खुर्चीवरून उठलाही नव्हता! त्यानं ना माझी गाडी वाकून पाहिली ना त्या मुलाची. आवाज ऐकला, स्क्रीनवर पार्ट नंबर टाकला, किंमत वाचली. मंडळी, माझं भांडण आहे ते इथं.

ज्यांना बेंड पाईप म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनातून जळका वायू बाहेर पडतो तो आधी या वाकलेल्या नळीत येतो, मग सायलेन्सरमध्ये. गाडी जोरात पळवली की इथे तापमान पाचशे अंशांच्या पुढे सहज जातं. गाडी थांबली की गार, सुरू केली की पुन्हा लाल. त्यात इंजिनाची थरथर. तडा जातो तो बहुतेक वेळा नळी जिथे इंजिनाला जोडलेली असते त्या फ्लँजच्या वेल्डिंगपाशी, नाहीतर ब्रॅकेटपाशी. लक्षणं ठरलेली. सकाळी गार इंजिनावर टिकटिक आवाज येतो (टॅपेट वाजतायत असं वाटून लोक टॅपेट सेट करून घेतात, पैसे वाया!), गाडी तापली की धातू प्रसरण पावून चीर मिटते आणि आवाज कमी होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट. आणि चिरेच्या बाजूला काजळीचा काळा ओघळ.

आता जुना जमाना आठवा. जुन्या बुलेटचा बेंड पाईप वेगळा, सायलेन्सर वेगळा. एक गेला तर एक बदला. आता अनेक गाड्यांत बेंड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर सगळं एकत्र वेल्ड केलेलं एकच धूड असतं. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले मौल्यवान धातू, म्हणून किंमत तशी. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि हे नियम कडक झाले. चांगलंच झालं. पुण्याच्या सिग्नलला उभं राहून श्वास घेणारा कोणीही त्याविरुद्ध बोलणार नाही. पण धूर कमी करा हे नियमानं सांगितलंय. हातभर नळीला बोटभर चीर पडली तर धडधाकट कन्व्हर्टरही भंगारात टाका, असं कुठल्या नियमात लिहिलंय? सोय कोणाची, बिल कोणाचं!

आमच्या धंद्यात हा प्रकार फार ओळखीचा. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉरमॅट मारा. सर्व्हर पडला? रीस्टार्ट करा, चालू झाला, तिकीट बंद. का पडला हे विचारायचं नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा पडतो तेव्हा आपण दुसऱ्या टीमवर ढकलतो.

तर, गाडी घरी आणली. फ्लँजच्या नटांवर रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. (हे विसरू नका. घाई करून नट फिरवला आणि स्टड तुटला की मग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून तो काढण्यात जो खर्च होतो त्यापुढे बेंड पाईप स्वस्त.) सकाळी आधी सायलेन्सरचा मागचा बोल्ट सैल केला, आणि तो निघाल्या क्षणी सायलेन्सर टण्णकन आपोआप बोटभर बाहेर सरकला!

म्हणजे इतके दिवस तो बोल्टनं ओढून धरलेला होता. मागच्या ब्रॅकेटमधला रबर बुश गायब. मागच्या सर्व्हिसला सायलेन्सर काढला होता, बसवताना बुश राहिला आणि कोणीतरी बोल्ट आवळून तो जागेवर आणला. तो सगळा ताण कुठे जाणार? दुसऱ्या टोकाला, फ्लँजच्या वेल्डिंगवर. रोज तापणं, रोज गार होणं, वर हा ताण. तडा जाणारच.

आता विचार करा. मी मुकाट्यानं नऊ हजार चारशे मोजले असते, नवी कोरी असेंब्ली त्याच पद्धतीनं, त्याच बुशाशिवाय बसली असती, तर ती किती दिवस टिकली असती? बदलणं म्हणजे दुरुस्ती करणं नव्हे. रोग न शोधता अवयव बदलणं आहे ते.

पण थांबा, जुगाडवाल्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. तुमच्यावरही माझा तेवढाच राग आहे. चिरेवर एम-सील थापणारे, डब्याचा पत्रा गुंडाळून तार बांधणारे, आणि गाडीवर पाईप असतानाच वेल्डिंगचा ठिणगोत्सव करणारे. एम-सील या तापमानाला जळून पडतं. आणि बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी चीर असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू बिचारा जास्त पेट्रोल सोडतो. अ‍ॅव्हरेज घसरतं आणि धूर वाढतो. तेव्हा "चालतंय की" हे उत्तर नव्हे.

नीट काम कसं असतं ते भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पाहिलं. काकांनी पाईप हातात घेतला, लोहचुंबक लावून पाहिलं, आत टॉर्च मारला. "डबल नाही ना, बघून घेतो. आतली नळी फुटलेली असली तर वरून वेल्डिंग करून उपयोग नाही." सेन्सर मी आधीच काढला होता, तरी त्यांनी विचारलं. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक होल मारलं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग ग्राइंडरनं खाच पाडली, गंज आणि काजळी साफ केली, आणि आर्गन वेल्डिंग. साडेतीनशे रुपये. तांब्याचं नवं पॅकिंग साठ (जुनं पुन्हा वापरायचं नाही, ते एकदा दबलं की संपलं). रबर बुश पंचेचाळीस. बसवताना सगळे नट-बोल्ट आधी हातानं, मग फ्लँजचे आवळायचे, आणि मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी, म्हणजे पाईपवर ताण येत नाही.

बदलण्याच्या मी सरसकट विरोधात नाही. पाईप गंजून कागदासारखा झाला असेल, चीर कन्व्हर्टरच्या डब्यावरच असेल, आतली नळी फुटली असेल तर बदला. गाडी वॉरंटीत असेल तर वेल्डरकडे फिरकूही नका, कंपनीकडून हक्कानं बदलून घ्या. पण हा निर्णय पाईप पाहून घ्यायचा असतो, स्क्रीन पाहून नव्हे.

एक मित्र म्हणाला, "तुझा तासाचा रेट काय, आणि रविवार घालवलास नळी घासण्यात!" अरे, पण त्या मुलाचा रेट काय? त्याला पाच दिवस बसून राहणं परवडतं का? २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात न मिळू दिल्याबद्दल अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला (पुढे अपिलं झाली, ते असो). २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही होती. कागदावर सगळं आहे. काउंटरवर मात्र मी जेव्हा नुसता रबर बुश मागितला तेव्हा उत्तर मिळालं, "तो वेगळा येत नाही सर." नाना पेठेत दुसऱ्या दुकानात मिळाला.

त्या मुलाचा नंबर मी घेऊन ठेवला होता. बुधवारी फोन केला. गाडी अजून तशीच चालवतोय, फटफट करत. येत्या रविवारी सकाळी आठला भोसरीला जायचं ठरलंय. नटांवर शनिवारी रात्रीच तेल मारून ठेव, असं त्याला दोनदा बजावलंय, आणि बुश मी दोन घेतले होते.