चाळीस कोरे कागद

मागील पिढीपर्यंत आपल्या घरांत परीक्षा म्हटली की एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राही : पहाटेचा दिवा, पाठांतर आणि तीन तासांची उत्तरपत्रिका. आता आपली मुले-मुली पदव्युत्तर वर्गांपर्यंत पोहोचली आहेत, आणि शेवटच्या सत्रात त्यांना जे 'प्रोजेक्ट' पुरे करावे लागते ते नेमके काय प्रकरण आहे, याचा उलगडा आईबापांस होत नाही. मुलगी दुपारभर कागदांचा गठ्ठा घेऊन लोकांच्या दारी हिंडते, रात्री आकडे मांडीत बसते, आणि विषय विचारला तर 'मानसशास्त्र' म्हणून मोकळी होते. शेजारीण लगेच विचारते, "म्हणजे वेड्यांची डॉक्टरीण होणार काय ग?" या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकू. नाही. एम. ए. च्या पदवीने औषध देण्याचा अधिकार मिळत नाही. माणसाचे मन कसे चालते, याविषयी एक लहानसा प्रश्न घेऊन त्याचे उत्तर स्वतः शोधावयाचे, एवढाच त्या प्रोजेक्टचा हेतू असतो.

उदाहरणादाखल आपण सुरतेस जाऊ. तेथील लिंबायत ही वस्ती आपल्या कित्येक वाचकांच्या नात्यागोत्याची असेल. जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून ताप्तीकाठच्या रेल्वेने उधन्यास उतरलेली कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. पुरुष यंत्रमागावर अथवा रंगाई-छपाईच्या गिरण्यांत कामाला; बाया घरी बसून साड्यांवर टिकल्या-खडे चिकटविणार. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी. अशा वस्तीतील एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तिने विषय निवडला आहे : दिवसपाळी आणि रात्रपाळी करणाऱ्या माग-कामगारांच्या मनःस्थितीत काही फरक असतो काय? पन्नास कामगार या पाळीचे, पन्नास त्या पाळीचे, एकूण शंभर कागद.

पहिली अडचण भाषेची. मनाची उदासी मोजण्याकरिता अमेरिकेत लेनोर रॅडलॉफ या बाईंनी १९७७ साली प्रसिद्ध केलेली वीस वाक्यांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यातील एका वाक्यात उदासीसाठी 'ब्लूज' असा शब्द आहे. त्याचा शब्दशः तर्जुमा केला तर कामगार म्हणेल, "निळे कशाला वाटेल? मी काय रंगाईखात्यात आहे?" आपल्या माणसाच्या जिवाला घोर लागतो, त्याचे कशात मन रमत नाही, डोके जड होते. तेव्हा प्रश्नावली मराठीत आणावयाची, मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून ती पुन्हा इंग्रजीत करवून घ्यावयाची, आणि दोन्ही इंग्रजी ताडून पाहावयाच्या, अशी रीत आहे. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली ती नीट मांडली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठी घडविल्या, त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली निघाला. परक्या भाषेतील प्रश्न आपल्या मुलांस लावण्याआधी तो आपल्या घरचा करावा लागतो, हे त्या पिढीसही ठाऊक होते.

दुसरी अडचण माणसांची. बारा तासांची पाळी करून आलेला मनुष्य दिवसा झोपतो, त्याला उठवावयाचे कसे? कारखान्याच्या दारात गाठले तर मुकादमाच्या देखत तो प्रत्येक प्रश्नास "ठीक आहे" म्हणतो. घरी गाठले तर त्याच्या आधी त्याची बायकोच उत्तर देते, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा तिचेच उत्तर अधिक खरे असते. पण ते कागदावर घेता येत नाही! चांगले दिसावे म्हणून चांगले उत्तर देण्याची ही मानवी खोड इतकी सार्वत्रिक आहे, की ती मोजण्यासाठी क्राउन आणि मार्लो या दोघांनी १९६० साली स्वतंत्र प्रश्नावलीच तयार केली.

या साऱ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. बिहारमध्ये जानेवारी १९३४ मध्ये भयंकर भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा टिपून ठेवल्या. भूकंपाचा धक्का बसला पण नुकसान झाले नाही, अशा भागांतील लोक याहूनही मोठे अरिष्ट येणार असे एकमेकांस सांगत होते. पुढे दार्जिलिंगकडे दरडी कोसळल्या, तेव्हा जेथे प्रत्यक्ष नाश झाला होता तेथील अफवांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी केला (१९५२), आणि तेथे तशा अतिरंजित भाकितांचे पीक दिसले नाही. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला, त्यास प्रसादांच्या या टिपणांचा मोठा आधार झाला : मनात भीती आधी आलेली असते, आणि मग तिला साजेल असे कारण मन शोधीत बसते. सुरतेच्या लोकांना हे निराळे सांगावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या वार्तेने लाखो लोक काही दिवसांतच शहर सोडून निघाले. खानदेशच्या गाड्यांना उभे राहावयास जागा उरली नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. आपल्या विद्यार्थिनीचे साठ कागद भरून झाले आहेत. सादर करावयाची तारीख आठवड्यावर आली आहे. दिवाळीनिमित्त माग बंद, कामगार गावी गेलेले. चाळीस कागद कोरे आहेत. मैत्रीण हळूच म्हणते, "त्यात काय? घरी बसून भरून टाक. सगळेच भरतात." बापाच्या मनातही येते की एवढ्यासाठी वर्ष का वाया घालवावे.

येथे बापाने थोडे थांबावे. हॉलंडमधील प्राध्यापक डिडरिक स्टापेल हे मोठे नावाजलेले मानसशास्त्रज्ञ. आपण कित्येक प्रयोगांतील आकडे स्वतःच बनविले, ही गोष्ट २०११ साली उघडकीस आली. पुढे त्यांचे पन्नासाहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. अधिक वाईट हे, की त्यांनी पुरविलेल्या आकड्यांवर विसंबून त्यांच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरेटचे प्रबंध लिहिले होते, आणि त्या निरपराध मुलांच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांवर डाग पडला. इंग्लंडच्या सर सिरिल बर्ट यांच्या जुळ्या मुलांविषयीच्या आकड्यांवर लिऑन केमिन यांनी १९७४ साली बोट ठेवले : जोड्यांची संख्या वाढत गेली तरी उत्तर मात्र दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत तेच कसे राहिले? बर्ट तोपर्यंत वारले होते, आणि त्यांच्या बाजूनेही पुढे पुष्कळ लिहिले गेले. पण तो संशय पुरता फिटला नाही. खरा माणूस उत्तर देताना अडखळतो, मध्येच एखादा प्रश्न सोडून देतो. घरी भरलेला कागद मात्र शहाण्यासारखा वागतो. त्यावरून तो जाणत्यास ओळखू येतो.

मग करावे काय? साठच कागद न्यावे. गेलेले चाळीस का मिळाले नाहीत, हे प्रबंधात स्पष्ट लिहावे. लहान संख्येमुळे लहानसा फरक असला तरी तो हाती लागणार नाही, हेही लिहावे. आणि दोन्ही पाळ्यांत फरक दिसला नाही, तर 'फरक आढळला नाही' हे वाक्य लिहिण्यास लाजू नये. आमच्या मते मार्गदर्शकांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावयास हवी; ती पुष्कळदा शेवटच्या दिवशीही सांगितली जात नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. साठांपैकी एखादा कामगार प्रश्नावली बाजूला सारून म्हणेल, "बाई, कधी कधी जगू नये असे वाटते." कागदावर नाव नसते, गुप्ततेचे वचन दिलेले असते. तथापि ही गुप्तता पापनिवेदनाच्या गुप्ततेसारखी नव्हे. जिवाला धोका दिसला तर विद्यार्थिनीने ते मार्गदर्शकास त्याच दिवशी कळविलेच पाहिजे, आणि ही मर्यादा कामगारास आरंभीच सांगितली पाहिजे. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो क्रमांक लिहून त्या माणसाच्या हाती द्यावा, आणि शक्य तर तेथेच बसून लावून द्यावा.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतील : शंभर म्हणालात, साठ कसे? मुलीने सांगावे की दिवाळी होती, माग बंद होते, माणसे गावी गेली होती.