एफएमजीई सुटली, पण वॉर्डचे काय?

नीटमध्ये गुण थोडे कमी पडले की लातूर-बीड पट्ट्यातली मुले रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया नाहीतर फिलिपिन्स गाठतात. घरचे कर्ज काढतात, कुणी शेत विकतात. पाच-सहा वर्षांनी पोरगा परत येऊन एफएमजीईला बसतो. बहुतेक सत्रांत चार-पाच जणांतून एखादाच पास होतो, आणि बातमी तिथेच संपते. पास झालेल्याचे पुढे काय होते, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्याला भारतात वर्षभर इंटर्नशिप करावी लागते. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा डॉक्टरांसाठी महाविद्यालयाच्या जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत मर्यादा ठरवली आणि विद्यावेतन इतरांइतकेच द्या, असे सांगितले. म्हणजे शंभर जागांच्या महाविद्यालयात असे फार तर सात जण. उरलेली बॅच साडेचार वर्षे एकाच कॅम्पसवर वाढलेली. इमर्जन्सी ट्रॉलीची किल्ली कुठे असते, रात्री दोनला कोणत्या रेसिडेंटला उठवायचे, लॅबमधला रिपोर्ट लवकर कसा मिळवायचा, हे तिला पाठ असते. नव्याला ते कुणी सांगत नाही. आणि तोही विचारत नाही, कारण विचारले की ‘एफएमजी आहे ना’ हा शेरा ठरलेला.

यातून रुग्णाला काय धोका असतो, ते सर्पदंशात दिसते. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी पावसाळ्यात असे रुग्ण नवे नाहीत. समजा, घोणस चावलेला शेतकरी आला. स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये त्याचे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही, तर सर्पविषरोधक लस सुरू करायची आणि सहा तासांनी ट्यूब पुन्हा पाहायची. रात्री साडेनऊला लस सुरू झाली, तर पुढची ट्यूब पहाटे साडेतीनला. मधे ड्यूटी बदलते. ती वेळ नीट सांगितली गेली नाही, तर रक्त अजून गोठत नाही हे सकाळच्या राउंडला कळते. तोवर हिरड्यांतून, लघवीतून रक्त जात राहते. ही चाचणी एफएमजीईच्या पुस्तकात आहे. ती पुढच्या माणसाच्या हाती कशी सोपवायची, हे त्या परीक्षेच्या तीनशे बहुपर्यायी प्रश्नांत कुठून येणार?

परदेशात अनेक ठिकाणी शिकवणे इंग्रजीत आणि रुग्ण बोलतो रशियन किंवा किर्गिझ. विद्यार्थी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बघतो. वॉर्डचे काम स्वतःच्या अंगावर घेण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. हा दोष त्याच्या बुद्धीचा नाही. उलट ऊसतोड कामगार बाईची तक्रार तिच्याच बोलीत समजून घेण्यात बीडचा हा मुलगा मोठ्या शहरातून आलेल्या रेसिडेंटपेक्षा सरस ठरू शकतो. युनिटने त्याचा उपयोग करून घ्यायला हवा. नुसते नमुने लॅबला पोहोचवायला लावून ते होत नाही.

उपाय खर्चाचा नाही. पहिले दोन आठवडे स्थानिक इंटर्नसोबत जोडी लावावी. ट्रॉली आणि औषधांचे कपाट वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांनीच दाखवावे. ड्यूटी बदलताना तोंडी निरोपावर भागवू नये. खाट क्रमांक, काय दिले, पुढची तपासणी किती वाजता आणि बिघडले तर कुणाला उठवायचे, एवढे केसपेपरवर लिहिलेले असावे. पहाटे साडेतीनची ट्यूब लाल शाईत, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांना नाव घेऊन सांगितलेली.