हिरवळीचे बी आणि उन्हाळ्यातले पाणी



शाळेपुढच्या उजाड अंगणात हिरवळ असावी असे कोणाला वाटणार नाही? छत्रपती संभाजीनगरात मार्च-एप्रिलचे ऊन तापू लागले की ही इच्छा अधिकच बळावते. माझे मत असे की, हिरवळ जरूर करावी. परंतु तिचे बी उन्हाळ्यात पेरू नये. हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

प्रथम बियाकडे पाहा. गवताचे बी अगदी बारीक असते. ते मातीच्या वरच्या थरातच पेरावे लागते; खोल गेले तर कोंब वर येत नाही. कोरडे बी महिनोन्‌महिने थांबू शकते. पण एकदा ते पाणी पिऊन फुगले आणि अंकुर फुटला, की त्याला थांबता येत नाही. मुळे खोल जाईपर्यंत वरचा थर ओला राहिलाच पाहिजे. आणि नेमका हाच थर सर्वांत आधी सुकतो.

तो किती पाणी गमावतो? थोडे गणित करू. उन्हाळ्यात आपल्याकडे एका चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात साधारण २४ मेगाज्यूल सौर ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४ मेगाज्यूल लागतात. म्हणजे सर्व ऊर्जा याच कामी आली, तर १० लिटर पाणी उडून जाईल. काही ऊर्जा परावर्तित होते, काही माती आणि हवा तापवते. म्हणून निम्मेच, ५ लिटर धरू. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अंगणाला रोज ५०० लिटर झाले! तेही एकदम ओतून चालत नाही. बी वाहून जाते. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे शिंपावे लागते.

आता हे पाणी येते कोठून? पैठणच्या नाथसागरातून. शहर त्या जलाशयापेक्षा सुमारे १०० मीटर उंचावर आहे. प्रत्येक लिटर वीज खर्चून वर चढवावा लागतो. शहराच्या अनेक भागांत नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येण्याचा अनुभव वर्षानुवर्षांचा आहे. अशा वेळी अंकुर तरी वाळणार, नाही तर कोणाच्या तरी घरचा हंडा रिकामा राहणार.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. मैदानांना लागणारे पाणी फार नाही, असे तेव्हा काहींचे म्हणणे होते. पण पाणी किती, एवढेच पाहून भागत नाही. ते केव्हा, हेही पाहावे लागते. आपल्या त्या अंगणावर पाच मिलिमीटर पाऊस पडला, तर किती पाणी मिळेल? बरोबर ५०० लिटर, आणि तेही फुकट!

म्हणून जून-जुलैत चांगला पाऊस होऊन जमीन वाफशावर आली की पेरावे. पावसानेही खंड दिला, तर सकाळी लवकर व सायंकाळी झारीने हलके पाणी द्यावे. वर गोणपाट किंवा पेंढ्याचा पातळ थर अंथरावा. त्याने ऊन आणि वारा दोन्ही अडतात. कोंब दिसताच गोणपाट काढावे. गवताने मूळ धरल्यावर पाणी कमी वेळा, पण खोलवर मुरेल असे द्यावे, म्हणजे मुळेही खाली जातील.

माझ्या शब्दावर विसंबू नका. सारख्या आकाराच्या दोन कुंड्यांत सारखीच माती आणि सारखेच पाणी घाला. एकीवर पेंढा पसरा, दुसरी उघडी ठेवा. दोन्ही उन्हात ठेवून आठवडाभर रोज त्यांचे वजन करा व आकडे वहीत मांडा. मग शाळेच्या अंगणात बी केव्हा पेरावे, हे ती वही पुढे ठेवून शिक्षकांसह ठरवा.