कुत्रा आणून दिलात, पुढचं काय?

आई-वडिलांना एकटं वाटू नये म्हणून त्यांना कुत्रा आणून द्यायची एक पद्धतच आता पडली आहे. मुलं पुण्याला, बंगलोरला नाहीतर सातासमुद्रापार, म्हातारा-म्हातारी घरी, मग लग्नाच्या वाढदिवसाला टोपलीतून पिल्लू! आमच्याकडेही नऊ वर्षांपूर्वी असाच एक लॅब्रेडॉर आला. बंडू त्याचं नाव. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही (माझ्या चपलांची असेल). पण माझं स्पष्ट मत आहे की जो कुत्रा आणून देतो त्याने त्याच्या दुखण्याखुपण्याची तजवीजही त्याच दिवशी करून द्यावी. पट्टा येतो, साखळी येते, बिस्किटांचे पुडे येतात. रात्री दोन वाजता तो आडवा पडला तर त्याला उचलायचं कोणी, हे मात्र कोणी सांगत नाही.

उचलायचं कोणी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बंडूचं वजन 32 किलो. ह्यांचं वय 78, माझं 74, आणि आमच्या चार गुडघ्यांपैकी धड असा एकच. माया कितीही असली तरी मायेने 32 किलो उचलत नाहीत. म्हणून आम्ही चक्क तालीम केली. जुनी जाड सतरंजी पसरली, बंडूला तिच्यावर झोपवलं (एक बिस्किट), दोन्हीकडून टोकं धरली आणि दारापर्यंत सरकवत नेलं. उचलणं जमत नाही, पण ओढणं जमतं. दारापासून पुढे शेजारचा मुलगा आणि कोपऱ्यावरचा रिक्षावाला. त्या रिक्षावाल्याला आधीच विचारून ठेवलं, "काका, अडीनडीला कुत्रं न्याल का?" तो म्हणाला, "चादर टाका आणि रात्री फोन करा, येतो." हे विचारायला दोन मिनिटं लागली. ऐन वेळी विचारलं असतं तर तीन रिक्षा नुसत्या बघून निघून गेल्या असत्या.

आता आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वानलेस साहेबांनी 1894 साली इथे दवाखाना काढला तेव्हापासून लांबलांबून माणसं इथे बरी व्हायला येतात. माणसासाठी 108 फिरवला की गाडी येते. कुत्र्यासाठी तसं काही नाही. 1962 वर फिरते पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण ते मुख्यतः शेतकऱ्यांच्या गाई-म्हशींसाठी. मुंबईत 2024 साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं पाळीव प्राण्यांसाठी मोठं इस्पितळ सुरू झालं, चांगलंच झालं, पण ते मुंबईत. आमच्यासारख्या गावांत नेहमीचे डॉक्टर रात्री फोन घेतात का, नसतील तर दुसरे कोण, हे दिवसाढवळ्या विचारून घ्यावं लागतं. आम्ही तीन नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावले आहेत. मोबाईलमध्ये असतात हो, पण ऐन वेळी चष्माच सापडत नाही.

शाळेत आमच्या प्रथमोपचाराची पेटी कुलपात असे आणि किल्ली शिपायाकडे. पोरगं पडलं की आधी शिपाई शोधायचा! तेव्हापासून माझं पेटीवर फारसं प्रेम नाही. कुत्र्याच्या बाबतीत तर पेटीत काय ठेवावं यापेक्षा आपल्या औषधांच्या डब्यातलं काय देऊ नये हे आधी पाठ करावं. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम. 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं रोजचं तापमान. म्हणजे मायेपोटी कोणी थर्मामीटर लावला, 102 दिसलं, "अगं बाई, ताप!" म्हणून पॅरासिटामॉलची गोळी गुळात घालून दिली, की निरोगी कुत्र्याला आपल्याच हाताने आजारी केलं. ती त्याच्या यकृताला आणि तांबड्या पेशींना इजा करू शकते. आयबुप्रोफेन पोटात व्रण करतं, मूत्रपिंडं बिघडवतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपली गोळी कुत्र्याला नाही म्हणजे नाही.

आणि बेदाणे! तासगाव हाकेच्या अंतरावर, तेव्हा आमच्याकडे घरोघरी बेदाण्यांचे डबे. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर होतील ते आधी सांगता येत नाही. कांदा-लसूण, चॉकलेट, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल हीसुद्धा त्याच पंगतीतली. उंदराच्या विषाची तर वेगळीच तऱ्हा. त्यातल्या काही प्रकारांनी रक्त गोठणं थांबतं, पण लक्षणं दिसायला दोन-चार दिवस लागतात, तोवर कुत्रा हिंडतो-फिरतो आणि आपण म्हणतो, काही झालं नाही. पाकीट हातात घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्याचा जो घरगुती उपाय सांगतात तो करू नका, त्या मिठाचंच विष होतं.

2024 च्या एप्रिलमध्ये शेजारचा पग भर दुपारी अंगणात धापा टाकत कोसळला. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ऊन फार लवकर बाधतं, कारण कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धाप हाच त्याचा पंखा. घरातले लोक गाडीची किल्ली शोधत होते. ह्यांनी आधी नळी सोडली, अंगभर साधं पाणी, वर टेबलफॅन, आणि मग गाडी. आता डॉक्टरही हेच सांगतात की आधी थंड करा, मग न्या. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आतच कोंडते. तो पग वाचला, आणि अजून आमच्या दारावर येऊन भुंकतो.

मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं, उबळ येतेय पण उलटीतून काही पडत नाही, असं झालं तर सकाळची वाट बघू नये. जठराला पीळ पडलेला असू शकतो आणि मग हिशेब तासांचा असतो. हिरड्या रोज बघायची सवय ठेवली तर पांढऱ्या पडलेल्या लगेच कळतात. आणि कळवळणाऱ्या कुत्र्याला आपलं-परकं समजत नाही हेही ध्यानात असू द्या. जुन्या पातळाची एक पट्टी तोंड बांधायला आम्ही काढून ठेवली आहे. मात्र उलट्या होत असतील किंवा दम लागला असेल तर तोंड बांधायचं नाही.

असो. हे सगळं कुठलेही डॉक्टर सांगतील. मला घरच्या मंडळींशी बोलायचंय ते निराळंच. पैसे. आम्ही 25,000 रुपये बंडूच्या नावाने वेगळे ठेवले आहेत, पेन्शनमधून. शस्त्रक्रिया निघाली तर ते पुरायचे नाहीत. वरचे कोण देणार, हे बंडू हिंडताफिरता असतानाच ठरावं. इथे रात्रीचे दोन वाजले असताना, टेबलावर कुत्रा आणि डॉक्टर विचारतायत, तेव्हा परदेशातल्या लेकाला फोनवर आकडे सांगायचं माझ्याने व्हायचं नाही. धाकट्याला हे कळवलं. त्याने उत्तर पाठवलं, "आई, तू उगाच काळजी करतेस." बाळा, ही काळजी नव्हे, तुझ्या वाट्याचं काम आहे.

फ्रिजवरच्या कागदावर नंबरांखाली रिक्षावाला आहे, वजन आहे, लशींच्या तारखा आहेत, पैशांची ओळ आहे. धाकट्याने शेवटी त्या ओळीपुढे आपला आकडा कळवला, तो मी पेनाने लिहिला. त्याखाली मी एक ओळ घातली आहे, "डॉक्टर म्हणाले की आता फक्त हाल आहेत, तर निर्णय कोणाचा?" तिच्यापुढची जागा कोरी आहे. ह्यांना विचारलं की ते साखळी घेतात आणि बंडूला फिरायला नेतात.