परदेशची सहल आणि पदरचा पैसा

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा उघडली, कीं 'माझी सुटी' ह्या विषयावर मुलांकडून निबंध लिहवून घेण्याची आमची फार दिवसांची वहिवाट. पूर्वीं त्या निबंधांत मामाचें गांव, आंबराई आणि विहिरींतलें पोहणें असे. हल्लीं दुबई, सिंगापूर, स्वित्झर्लंड हीं नांवेंही येऊं लागलीं आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलानें आम्हांस कोरा कागद दिला. (तो विद्यार्थी आतां शाळा सोडून गेला आहे, म्हणून लिहिण्यास हरकत नाहीं.) चार दिवसांनीं त्याचे वडील आले. ते चाकणच्या एका कारखान्यांत कामगार होते. म्हणाले, "सर, पोरगं घरांत धड बोलत नाही. कर्ज मिळतंय. हप्त्यानं का होईना, एकदा परदेश दाखवून आणू का?" आम्हीं तुटकपणें 'नको' म्हटलें. ते मान खालीं घालून गेले. ज्या उत्तरावर त्यांचा हक्क होता, तें आम्हीं दिलें नाहीं, ही टोंचणी राहिली. आज तें देण्याचा यत्न करितों.

गेल्या मे महिन्यांत आम्ही उभयतां पांच दिवस स्वित्झर्लंडांत राहून आलों. भाचा जर्मनींत नोकरीस आहे. त्याच्याकडे गेलों व तेथून आगगाडीनें पुढें. चार वर्षें दरमहा बाजूस टाकलेल्या पैशांवर हा प्रवास झाला. तेथील एका फ्रँकास आपले शंभराहून अधिक रुपये पडतात. पहिल्याच दिवशीं भुकेच्या भरांत एका सरोवराकांठच्या उपाहारगृहांत शिरलों आणि दोघांच्या जेवणाचे साठ फ्रँक मोजून बाहेर पडलों. चूक आमचीच, दर दारावरच लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाणे झालों. मुक्काम यूथ हॉस्टेलांत होता. ह्या संस्थेचा जन्म एका शिक्षकाच्या कळकळींतून झाला, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें. १९०९ सालीं रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह पायीं सहलीस गेले असतां वादळांत सांपडले व त्यांस एका गांवच्या शाळेंत रात्र काढावी लागली. सुटींत रिकाम्या पडणाऱ्या शाळा गरीब प्रवासी मुलांस कां उघडूं नयेत, हा विचार त्या रात्रीचा. त्यांतून पुढें जगभर स्वस्त निवारे उभे राहिले.

जेवणास आम्हीं घरून तांदूळ, डाळ, मेतकूट आणि दाण्याची चटणी नेली होती. दुधाचे व मांसाचे पदार्थ तेथें नेण्यास मनाई आहे, म्हणून तुपाचे लाडू घरींच ठेविले. पाव व फळें बाजारांतून घेतलीं. पाणी विकत घेण्याचें कारणच नाहीं. एकट्या झुरिक शहरांत बाराशेंहून अधिक कारंजीं असून बहुतेकांचें पाणी पिण्याजोगें आहे. तेथील नोकरदार माणसेंही दुपारीं बांकावर बसून घरचा डबा खातांना आम्हीं पाहिलीं. त्यांस त्यांत कमीपणा वाटत नव्हता; मग आम्हांस कां वाटावा?

युंगफ्राउयोख हें ३४५४ मीटर उंचीवरील स्थानक १९१२ सालीं उघडलें. तेथें जाण्यायेण्याचें पुरें भाडें दोनशें फ्रँकांहून अधिक. आम्हीं तो बेत सोडला. परदेशी प्रवाशांसाठीं ठराविक दिवसांचा 'स्विस ट्रॅव्हल पास' मिळतो. त्यावर आगगाड्या, बसगाड्या, बोटी आणि पांचशेंहून अधिक संग्रहालयें खुलीं होतात. सहा ते पंधरा वर्षांचीं मुलें आईबापांबरोबर फुकट जातात. त्याच पासावर आम्ही रिगी पर्वतावर चढलों. १८७१ सालीं सुरू झालेली तेथील दांत्यांची रेल्वे युरोपांतील पहिली पर्वतरेल्वे होय. रिगीचें शिखर आपल्या कळसूबाईहून अवघें दीडशें मीटर उंच आहे, हें ध्यानांत येतांच आम्हांस हंसूं आलें.

तेव्हां आमचें मत असें, कीं थोड्या पैशांतही महाग देश पाहतां येतो, आणि काटकसरीनें पाहिलेला देश अधिक जवळून दिसतो. परंतु ते थोडे पैसे आधीं सांठविलेले असावेत. व्हिसाची फी प्रौढ माणसास नव्वद युरो. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाहीं. वर विमानभाडें, विमा. हें सर्व कर्जानें केलें, तर पांच दिवसांची सहल तीन वर्षांचे हप्ते मागें ठेविते. ते फेडावयास बाप ओव्हरटाइम करितो, आणि ज्या मुलासाठीं हें केलें त्याच्या वांट्यास बापच येत नाहीं. हें त्या दिवशीं आम्हीं त्या गृहस्थांस सांगावयास हवें होतें.

पंडिता रमाबाई १८८३ सालीं विलायतेस गेल्या, त्या स्वतः लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' ह्या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांवर. पुढें अमेरिका पाहून त्यांनीं १८८९ सालीं तेथील लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ प्रसिद्ध केला. कष्टाच्या पैशानें त्या गेल्या आणि पाहिलेलें आपल्या लोकांस देऊन मोकळ्या झाल्या.

विद्यार्थ्यांनो, परदेशीं गेलां नाहीं म्हणून कोणीही कोरा कागद देऊं नये. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला. आज त्याच्याजवळून रोज जाणारे किती जण आंत डोकावतात? आमच्याही हातून चूक झाली. निबंधाचा विषयच श्रीमंती मोजणारा होता. येत्या जूनपासून तो आम्ही बदलीत आहों: 'सुटींत मीं लक्ष देऊन पाहिलेली एक गोष्ट.' ह्यावर प्रत्येकास लिहितां येईल.