सरडा स्वस्त, संगोपन महाग

कुत्रा-मांजर पाळणाऱ्या शहरी कुटुंबांत अलीकडे एका परदेशी पाहुण्याची भर पडली आहे. ‘बिअर्डेड ड्रॅगन’ म्हणजे दाढीवाला सरडा. मूळचा तो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला, आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला. त्या देशाने अशा प्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपासून बंद ठेवली आहे. बाजारात येतात ते इतरत्र पिंजऱ्यात निपजलेल्यांचे वंशज. प्राणी शांत, हातावर बसणारा. मुलांनी हट्ट धरला तर नवल नाही.

परंतु खरेदीची किंमत एकदाच मोजावी लागते, पोसण्याचा खर्च मात्र नित्याचा असतो. ग्राहकाला या दुसऱ्या खर्चाची कल्पना कोणी देत नाही. त्याचा भुर्दंड अखेर त्या मुक्या जिवाला बसतो.

आहाराचेच पाहा. पिलाला मुख्यतः कीटक लागतात. वाढ पूर्ण झाली की हे प्रमाण उलटते. आहाराचा सुमारे पाऊण भाग पाल्याचा असावा आणि कीटक आठवड्यातून दोन-तीनदाच द्यावेत. हे ठाऊक नसलेला मालक प्रौढ सरड्यालाही रोज अळ्या चारीत राहतो. सरडा त्या आवडीने खातो, मालक समाधान मानतो, आणि प्राणी मेदाने व यकृताच्या विकाराने खंगत जातो. वास्तविक शहागंजच्या मंडईत एक फेरी मारली तर त्याचा आठवड्याचा शिधा एका पिशवीत मावेल: लाल भोपळा, शेवग्याचा पाला, थोडी कोथिंबीर. दारच्या जास्वंदीची पाने-फुले त्याला चालतात. इतकेच काय, बांधावरच्या फड्या निवडुंगाचे काटे काढलेले पानही चालते. पालक मात्र रोज नको, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते. काजवा तर एकही प्राणघातक ठरू शकतो.

खर्चाची खरी बाब निराळीच आहे. अतिनील किरणांवाचून त्याच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही व हाडे मऊ पडतात. खिडकीतल्या उन्हाचा येथे उपयोग नाही; काच ते किरण अडविते. त्यासाठी खास नळी लागते, आणि ती उजेड देत असली तरी तिचे किरण क्षीण होत असल्याने वर्षाच्या आत बदलावी लागते. पेटीचे एक टोक सुमारे ४० अंश, तर दुसरे २५ अंशांच्या आसपास हवे. परदेशी पुस्तके पेटी तापवावी कशी, हे सांगतात. ती थंड हवेच्या देशांसाठी लिहिलेली आहेत. मराठवाड्यातील मे महिन्यात प्रश्न गार टोकाचा असतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.

हे सारे दहा-बारा वर्षे करावयाचे. अकरावीतल्या विद्यार्थ्याने आणलेला सरडा, तो नोकरीसाठी पुण्याला गेल्यावरही घरी जिवंतच असतो. मग पाला आईने चिरावयाचा आणि नळी वडिलांनी बदलावयाची. २०२४ च्या नियमांनी सूचीबद्ध परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची केली, ते योग्यच झाले. पण नोंदणीने प्राणी कोणाकडे आहे एवढेच कळते. विक्रेत्याने पिंजऱ्याबरोबर प्रौढ प्राण्याच्या आहाराचा, नळीच्या मुदतीचा व वार्षिक खर्चाचा मराठी कागद दिलाच पाहिजे, अशी अट परवान्यात घालण्यास सरकारी तिजोरीवर एका पैशाचाही बोजा पडणार नाही. तो कागद वाचून निम्मे ग्राहक रिकाम्या हाताने परतले, तरी चालेल.