पेनिसिलिनच्या पिंपरीत जिवंत लस बनावी

जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर पिंपरीत ‘एच.ए.’ची झाडी लागते. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना इथे स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच बनू लागलं.

पण औषध आजारानंतर येतं. क्षयाचे काही जंतू आता रिफाम्पिसिन या मुख्य औषधालाही दाद देत नाहीत. चाकण, म्हाळुंगेच्या औद्योगिक पट्ट्यात एकेका खोलीत कामगार पाळीपाळीने झोपतात. तिथे एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. या माणसांना आजाराआधीचं संरक्षण हवं, म्हणजे लस हवी.

क्षयावरची आपली एकमेव सर्रास वापरातली लस, बीसीजी, जिवंत आहे. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ पासून तेरा वर्षं गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त लावलेल्या बटाट्यावर वाढवला, २३० वेळा नव्याने पेरला, तेव्हा तो निवला. क्षयाचा जंतू आपल्याच पेशींत दडून बसतो. त्याला शोधायला शरीराला जिवंत पण दुबळा भाऊबंद जितका शिकवतो, तितका मेलेला शिकवत नाही. बाळांना मेंदूच्या क्षयापासून बीसीजी वाचवते. मोठ्यांच्या फुप्फुसांना मात्र ती पुरत नाही, हे तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या प्रचंड चाचणीत दिसलं.

म्हणून तिच्यात सुधारणा चालू आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत स्टेफान काउफमान यांच्या गटाने बीसीजीतलं एक जनुक काढलं, लिस्टेरिया जंतूचं एक घातलं. ‘व्हीपीएम १००२’ नावाची ही लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने हाती घेतली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०१९ पासून क्षयरुग्णांच्या घरातल्या सुमारे बारा हजार जणांवर तिची आणि आणखी एका लसीची चाचणी घेतली.

खासगी कंपनीने हे केलं, याचं कौतुक हवंच. पण सगळा भार तिच्यावर टाकणं धोक्याचं आहे. २००८ साली सरकारने आपल्याच तीन लस-संस्थांचे उत्पादन परवाने थांबवले. त्यांत बीसीजी बनवणारी चेन्नईतली गिंडीची प्रयोगशाळाही होती. परवाने परत मिळायला दोन वर्षं गेली.

जिवंत लस बनवणं जिकिरीचं. शेवटी उकळून किंवा गाळून ती निर्जंतुक करता येत नाही, कारण उकळलं तर लसच मरते आणि गाळलं तर तीच गाळणीत अडकते. पहिल्या थेंबापासून परका जंतू शिरू द्यायचा नाही, आणि कुपीत किती जंतू जिवंत उरले तेही मोजायचं. परका जंतू टाकीबाहेर ठेवण्याची ही शिस्त पिंपरीने पेनिसिलिनसाठी अंगी बाणवली होती. इमारत मात्र वेगळी लागेल; पेनिसिलिनचा अंशही लसीच्या जवळपास चालणार नाही.

२०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने देणी भागवण्यासाठी एच.ए.ची जादा जमीन विकायला मंजुरी दिली. कामगारांचे तेव्हा थकलेले पगार द्यायलाच हवे होते. तरी त्या जमिनीतले काही एकर सरकारी जिवंत-लस केंद्रासाठी राखून ठेवावेत, आणि तिथे बनणाऱ्या लसीच्या चाचणीत चाकणचा ठेकेदारी कामगारही असावा, त्याचा पत्ता दर वर्षी बदलत असला तरी.